सातबाऱ्यावरचं माझं नाव

आयोवात १ मार्च ही तारीख शेतकऱ्याच्या घरी दोनदा येते, असं आमच्या ऑफिसात गमतीनं म्हणतात. एकदा टॅक्स भरायला आणि एकदा शेत ताब्यात घ्यायला. ज्याचं दोन तृतीयांश उत्पन्न शेतीचं आहे, त्यानं १ मार्चपर्यंत रिटर्न भरून पैसे चुकते केले की त्याच्यामागे तिमाही हप्त्यांचं लचांड राहत नाही. आणि खंडानं घेतलेल्या जमिनीचं सालही इथं १ मार्च ते १ मार्च असतं. मालकाला करार मोडायचा असेल तर आदल्या १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर तोच करार पुढचं वर्षभर चालू. आपल्याकडे सालगडी पाडव्याला बदलायचे, तसाच हिशोब. फक्त इथं पाडव्याला बर्फ असतं.

एम्सच्या उत्तरेला एका लहान गावात आमचं टॅक्सचं ऑफिस आहे. आम्ही तिघंजणं. फेब्रुवारी महिना म्हणजे आमचा सुगीचा हंगाम. शेतकरी बुटांचा चिखल दारात झटकून येतात, बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या घेऊन. मका किती, सोयाबीन किती, डिझेल किती, बियाणं किती, हे सगळं झालं की शेवटी मी एक प्रश्न विचारते. तो कुठल्याही सरकारी फॉर्मवर नाही. "पुढचं काय ठरलंय? मुलांशी बोललात का?"

उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "एवढं पीक आत येऊ दे, मग बोलू."

हा प्रश्न मी २००८ पासून विचारत आलेय. आणि तुम्हाला सांगायला हरकत नाही, त्यातली बरीच वर्षं मला तो विचारायचा काही अधिकार नव्हता. कारण कऱ्हाड तालुक्यात, कृष्णेच्या काठाला, चार एकरांच्या सातबाऱ्यावर चार नावं आहेत, आणि त्यातलं एक माझं आहे. आबा २०१५ साली गेले. वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आई, दादा, मी आणि धाकटी अशी नावं लागली. त्यानंतर मी त्या कागदाकडे नऊ वर्षं पाहिलंसुद्धा नाही.

पाहायला लागले ते एका दुसऱ्याच कुटुंबामुळे. त्यांच्या खुणा मी बदलल्या आहेत, कारण आमच्या धंद्यात अशिलाची गोष्ट ऑफिसाच्या बाहेर जात नाही. पण गोष्ट तीच आहे.

वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. स्वतःच्या मालकीची ३२० एकर, वर आजूबाजूची खंडानं घेतलेली. फाटकावर 'सेंच्युरी फार्म'ची पाटी. ही पाटी आयोवा राज्य १९७६ पासून देतं, एकाच कुटुंबाकडे शंभर वर्षं राहिलेल्या शेताला, आणि ऑगस्टमध्ये दे मॉइनच्या स्टेट फेअरमध्ये तिचा समारंभ होतो. मी पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा हसू आवरलं होतं. म्हटलं, हाच नियम लावला तर आमच्या गावात दर बांधाला एक पाटी ठोकावी लागेल. पण त्या माणसाला तिचा अभिमान होता, आणि तो खरा होता.

मुलगा एक्कावन्न वर्षांचा. विसाव्या वर्षापासून बापाबरोबर. दोन मुली, एक डेन्व्हरला नर्स, दुसरी दे मॉइनला शिक्षिका. तीस वर्षं मुलानं ट्रॅक्टर चालवला, कंबाइन चालवला, पेरणी कधी करायची ते बापाच्या बरोबरीनं ठरवलं. पण बँकेत सही एकाचीच. त्या जानेवारीत, म्हणजे २०२४ च्या, वडील बर्फावरून घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, पुढे काही गुंतागुंत झाली आणि तीन आठवडे ते दवाखान्यात अडकले. बियाण्याचे पैसे आगाऊ भरले तर जी सवलत मिळते तिची मुदत त्या तीन आठवड्यांत संपली. चेकवर सही करायला कुणी नव्हतं. मुलगा माझ्यासमोर बसून बिलाची घडी करत म्हणाला, "माझ्या मुलाचं पुढच्या वर्षी लग्न आहे आणि मला अजून बियाणं घ्यायला बाबांची परवानगी लागते."

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. इथं पहाट, तिथं संध्याकाळ. पाठीमागं कुठंतरी पंप चालू होता.

"अगं, सोसायटीवाल्यांनी परत संमती मागितलीय. सगळ्या खातेदारांची पाहिजे म्हणतात. आईचा अंगठा घेतला, धाकटी येऊन सही करून गेली. तुझंच राह्यलंय."

"पाठव ना कागद. मागच्या वेळी दिलीच होती की."

"मागच्या वेळी चाललं. आता नवा साहेब हाय."

त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. तेच जास्त लागलं. दादा छप्पन्न वर्षांचा आहे. अठ्ठावीस वर्षं तो ते रान कसतोय. लागण, खोडवा, रात्रीच्या लाइटीला पाणी, तोडीच्या टोळीमागं फिरणं, सगळं त्याचं. आणि पीक कर्जासाठी त्याला सात समुद्रापलीकडे बसलेल्या बहिणीची परवानगी लागते, जिनं त्या मातीला शेवटचा हात कधी लावला ते तिलाही आठवत नाही.

मी माझ्यासमोरच्या टेबलाकडे पाहिलं. बियाण्याचं ते बिल अजून तिथंच होतं.

इथं थोडं थांबून तुम्हाला इथली परिस्थिती सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना अमेरिकन शेतकरी म्हटलं की मोठी यंत्रं आणि मोठा पैसा एवढंच डोळ्यापुढे येतं. २०२२ च्या कृषी गणनेत या देशातल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ वर्षं निघालं. पस्तिशीच्या आतले दहातले एकसुद्धा नाहीत. आयोवाचं चित्र आणखी ठळक आहे. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२२ च्या पाहणीप्रमाणे राज्यातली ६६ टक्के शेतजमीन पासष्ट किंवा त्याहून जास्त वयाच्या मालकांच्या नावावर आहे. १९८२ साली हा आकडा २९ टक्के होता. आणि ८४ टक्के जमिनीवर एक पैचंही कर्ज नाही.

म्हणजे म्हातारे श्रीमंत आहेत, असं वाटेल. कागदावर आहेतही. पण मुलाकडे ही जमीन जायची कशी, याचं गणित मांडून बघा. २०२३ साली आयोवाच्या जमिनीचा सरासरी भाव एकरी ११,८३५ डॉलर होता. ३२० एकरांचे जवळजवळ ३८ लाख डॉलर होतात. तीन मुलांत सारखी वाटणी केली तर दोन बहिणींच्या वाट्याचे मिळून २५ लाखांच्या वर. भावानं हे पैसे सात टक्क्यांनी उचलले तर वर्षाचं नुसतं व्याज पावणेदोन लाख. आता त्या दोन वाट्यांची जमीन खंडानं दिली तर काय येईल? त्या वर्षीचा सरासरी खंड एकरी २७९ डॉलर. २१३ एकरांचे साठ हजारसुद्धा पुरते होत नाहीत. व्याज खंडाच्या तिप्पट. आणि मुद्दल अजून तसंच उभं. जमिनीनं स्वतःची किंमत फेडायची म्हटलं तर ती फेडू शकत नाही. हे गणित मी पहिल्यांदा त्या मुलासमोर कागदावर मांडलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना सारखं द्यायचं ठरवलं की शेत विकायचं ठरवलंच." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

बाप देत का नाही, याचंही कारण आहे, आणि ते निव्वळ हट्टाचं नाही. १९८१ साली इथं जमिनीचा भाव एकरी २,१४७ डॉलर होता, १९८६ साली तो ७८७ वर आला. कर्ज मात्र जुन्याच भावाचं राहिलं. ज्यांनी वरच्या भावात घेतलं होतं त्यांचे लिलाव झाले. आज जे ऐंशीच्या घरात आहेत ते तेव्हा चाळिशीत होते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, नांगर, स्वयंपाकघरातलं टेबलसुद्धा अंगणात मांडलेलं त्यांनी पाहिलं आहे. कितीतरी बापांनी त्या वर्षांत मुलांना सांगितलं की शिका आणि जा. मुलं गेली. आता त्याच बापांना विचारावं लागतं, पुढं कोण? आणि जो मुलगा थांबला, त्याच्या हाती चेकबुक द्यायला बाप घाबरतो. मुलाचा घटस्फोट झाला तर? मुलानं कर्ज काढून बुडवलं तर? नटसम्राट पाहिलेल्या आपल्या आईवडिलांना ही भीती समजावून सांगायची गरज नाही.

त्यात आमचा टॅक्सचा कायदाही मरेपर्यंत थांबा असंच सांगतो. या म्हाताऱ्यांनी १९८७ साली ८० एकर घेतली, पडत्या भावात. आज विकली तर खरेदीचा भाव आणि आजचा भाव यांतल्या सगळ्या फरकावर कर. पण मालक गेल्यावर जमीन वारसाला मिळाली, तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हाच नवा खरेदीभाव धरला जातो, आणि आधीची सगळी वाढ करातून सुटते. त्यामुळे आमच्यासारखे लोक अशिलाला सल्ला देतात, विकू नका, तसंच राहू द्या. सल्ला चुकीचा नाही. फक्त त्याचा अर्थ असा होतो की मुलाला जमीन मिळते तेव्हा तोच साठीला आलेला असतो.

यावर काही उपाय निघालेत, नाही असं नाही. शेजारच्या नेब्रास्कात 'सेंटर फॉर रूरल अफेअर्स' या संस्थेनं वारस नसलेला शेतकरी आणि जमीन नसलेला तरुण यांची गाठ घालून द्यायचं काम फार पूर्वी सुरू केलं. आयोवाच्या विधिमंडळानं १९९४ साली आयोवा स्टेटमध्ये नवशेतकऱ्यांसाठी एक केंद्र काढलं, त्याचाही 'फार्म ऑन' नावाचा असाच उपक्रम. एका परीनं वधूवर सूचक मंडळच. आणि तिथल्यासारखीच इथंही एक बाजू लांबलचक, दुसरी आखूड. जमीन हवी असलेल्यांची रांग, द्यायला तयार असलेले मोजके. नेब्रास्कानं १९९९ साली कायदा केला, नवशेतकऱ्याला तीन वर्षांसाठी जमीन खंडानं दिली तर खंडाच्या १० टक्के आणि वाट्यानं दिली तर १५ टक्के रक्कम मालकाला करात परत. आयोवातही पुढे तसं काही आलं. हे सगळं चांगलंच आहे. पण माझा अनुभव असा की जिथं मुलगा घरातच आहे, तिथं ना मंडळ लागतं ना करसवलत. तिथं फक्त सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसावं लागतं, आणि ते सगळ्यांत अवघड.

ते बसले, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. वकील होते, मी होते, टेबलावर चिली होती आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. मिरचीच्या रश्शाबरोबर गोड रोल खायची ही आयोवाची चाल मला पंचवीस वर्षांत पचलेली नाही, पण त्या दिवशी मी दोन खाल्ले, कारण कुणीच बोलत नव्हतं. शेवटी डेन्व्हरची मुलगी बोलली. मला वाटलं होतं ती आपला वाटा मागेल. ती म्हणाली, "मला एक सांगा, तीस वर्षं याला पगार किती होता?"

वडिलांनी आकडा सांगितला. मी तो लिहीत नाही. एवढंच सांगते की दोन्ही बहिणींनी मान खाली घातली. आणि मग दे मॉइनची शिक्षिका म्हणाली, "पण आई आजारी होती तेव्हा दर शनिवारी मी यायचे, ते कुठल्या वहीत लिहिलंय?" तेही खरं होतं.

त्या दिवशी काही ठरलं नाही. ठरायला अकरा महिने लागले. जमीन एका कुटुंबाच्या कंपनीत घातली, तिघांचे हिस्से राहिले पण भावाचा मोठा. भावाला लेखी खंडपट्टा मिळाला, पंधरा वर्षांचा. आयोवाच्या घटनेतच शेतजमिनीच्या पट्ट्याला वीस वर्षांची कमाल मर्यादा आहे. बहिणींना कधी हिस्सा विकावासा वाटला तर आधी भावाला विचारायचं, भाव आजच ठरवलेल्या पद्धतीनं काढायचा, आणि त्यानं तो हप्त्यांनी द्यायचा. यंत्रं मुलानं थोडी थोडी विकत घ्यायची. वडील हयात आहेत तोवर खंड त्यांना. पण माझ्या दृष्टीनं खरा दिवस त्याआधीच येऊन गेला होता, मे महिन्यात. वडील काठी टेकत बँकेत गेले आणि खात्यावर मुलाची सही लावून आले. त्याला काही पैसे पडले नाहीत, वकील लागला नाही. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पेरणी चालू आहे आणि मला काही काम नाही. घरी जाऊन करू काय?" गंमत म्हणून बोलले, पण त्यांचे डोळे तसे नव्हते.

आता आपल्याकडे येते.

तुमच्यापैकी किती जणांचं नाव गावाकडच्या सातबाऱ्यावर आहे? मी आमच्या मंडळाच्या संक्रांतीला सहज विचारलं, तर हळदीकुंकवाला आलेल्या बावीस बायकांपैकी नऊ जणींनी हात वर केले, आणि चौघींनी सांगितलं की असेल बहुतेक, माहीत नाही. आपण स्वतःला परदेशी गेलेली मुलं समजतो. आयोवाच्या भाषेत आपण परगावचे जमीनमालक आहोत. इथल्या कसणाऱ्या माणसाची सगळ्यांत मोठी डोकेदुखी असलेली जी जात, ती आपली.

महाराष्ट्राचं दुखणं आयोवाच्या नेमकं उलट्या बाजूचं आहे. इथं एका म्हाताऱ्याच्या नावावर सगळं अडकतं, तिथं प्रत्येक मृत्यूनंतर नावं वाढत जातात. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ ला ते १.३४ हेक्टरवर आलं. तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला, पण कायद्यानं काही भावंडं कमी होत नाहीत. मग रान फोडत नाहीत, कागदावर नावं तेवढी ठेवतात. कसणारा एक, मालक सात, त्यातले तीन पुण्यात, एक न्यू जर्सीत.

माझ्या बाबतीत तर पुढचं चित्र आणखी मजेशीर होतं. मी आता अमेरिकेची नागरिक आहे. मी गेले की माझ्या एका एकरावर माझ्या दोन्ही मुलांची नावं लागणार, त्यातला एक सिएटलला आहे आणि देवनागरीत त्याला स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही. उद्या दादाच्या मुलाला पाइपलाइनसाठी कर्ज काढायचं झालं तर सिएटलची संमती लागणार. हे मी दादाला फोनवर सांगितलं तर तो खूप हसला. नंतर गप्प झाला.

मग हक्कसोड करून टाक, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. पण लिहून द्यायला बसलं की हात अडतो, आणि का अडतो ते सांगते. परदेशी नागरिकाला किंवा अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशानं मिळू शकते, पण विकत घेता येत नाही, आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. म्हणजे हा एकर मी सोडला तर माझ्यापुरता तो कायमचा सुटला. उद्या दादानं प्रेमानं परत देतो म्हटलं तरी मला तो घेता येणार नाही. आबांच्या मागून चालत मी ज्या पाटाच्या कडेनं शाळेत गेले, तिथं माझं असं काही उरणार नाही. मी व्यवहाराची बाई आहे, दिवसभर आकड्यांत असते, पण हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून चहा करून आले.

आणि दुसरी अडचण त्याहून खरी होती. मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क मिळावा म्हणून महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा केला, देशानं २००५ साली. १९९४ ला मी कॉलेजात होते आणि या विषयावर तावातावानं बोलत होते. बहिणीनं भाऊबीजेच्या ओवाळणीच्या बदल्यात सही करून द्यायची, या रिवाजाला मी तेव्हा काय काय म्हणाले होते ते धाकटीला पाठ आहे. धाकटी इचलकरंजीला असते, एकटी आहे, शिवणकामावर घर चालवते. मी सही केली की सगळं गाव तिच्याकडे बघणार. आक्कानं सोडलं, अमेरिकेत बंगला आहे तिचा, तू कशाला धरून बसलीस? माझं मोठेपण तिच्या गळ्याचा फास झालं असतं. हे मला तिनंच फोनवर सांगितलं. "आक्का, तुला सोडणं परवडतं. मला नाही."

डिसेंबरात मी गेले. दे मॉइन, शिकागो, मुंबई, मग रातराणीनं कऱ्हाड. सोप्यात आईच्या पलंगाशेजारी आम्ही तिघं बसलो, वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत जायला निघाल्या. मी म्हटलं, "वहिनी, बसा. तुम्हीही अठ्ठावीस वर्षं राबलाय." त्या दाराशी टेकून बसल्या, पण बसल्या. मग मी दादाला विचारलं, वर्षाला हातात काय उरतं? त्यानं वही आणली. कारखान्याचं बिल, खत, लागणीची मजुरी, पाणीपट्टी, सोसायटीचा हप्ता. आबांच्या दवाखान्याचे दोन लाख त्याच वहीत होते, आम्ही दोघी बहिणींनी ते कधी विचारलेही नव्हते. धाकटी बराच वेळ ते पान बघत राहिली. मग दादाच तिला म्हणाला, "आणि तुझा वाटा मी आजवर फुकट कसला, ते बी खरंच हाय." त्यानं तसं म्हणावं असं मी त्याला सुचवलं नव्हतं.

ठरलं ते असं. माझा एकर मी दादाच्या नावे सोडला. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं, कारण साध्या कागदावरच्या सहीला उद्या कुणी विचारणार नाही. धाकटीचा एकर तिच्याच नावावर राहणार. दादा तो खंडानं कसणार, लेखी, दर वर्षी दिवाळीआधी पैसे तिच्या खात्यात. विकायचा झाला तर आधी दादाला विचारायचं. आईच्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही, ती आहे तोवर. मजकूर मी सांगत होते तेव्हा आमच्या वकिलांनी चष्मा वर करून विचारलं, "भावाबहिणीत खंड लिहून घेता?" मी म्हटलं, हो, तिकडं घेतात. खरं तर तिकडंही कुणी घेत नव्हतं.

ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुलमुखत्यारपत्र इथल्या वकिलातीतून साक्षांकित करून पाठवता येतं, आमच्यासारख्यांना शिकागो. त्यात नेमकी कुठली मिळकत, कुठला गट, कुणाच्या नावे काय करायचं ते स्पष्ट लिहा. मोघम लिहू नका. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. आणि सही करायच्या आधी सगळ्या भावंडांना एका फोनवर घ्या, एकेकट्याला नको.

हक्कसोडपत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो, फोटो काढतात. माझ्या मागं भिंत होती, पोपडे आलेली. कारकुनानं विचारलं, "ताई, मोबदला काही?" मी म्हटलं, काही नाही. त्यानं 'विनामोबदला' असं टाइप केलं. बाहेर आलो तर दादा रस्त्यापलीकडच्या गाड्यावरून तिघांसाठी भेळ घेऊन आला. लहानपणी बाजाराच्या दिवशी आबा आणायचे, तशीच. धाकटीनं त्यातली मिरची नेहमीप्रमाणे मला काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाबरोबर रानात गेले. ऊस डोक्याच्या वर गेला होता, पाचट पायात अडकत होतं. कारखान्याची तोडीची चिठ्ठी अजून आली नव्हती. दादाचा मुलगा पुण्याहून शनिवार-रविवारसाठी आला होता, सव्वीस वर्षांचा, चाकणला नोकरी करतो. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, खोडवा झाला की इथं ठिबक करायचंय मला. नोकरी सोडून यायची बी तयारी हाय. पर पप्पा बँकेचं पासबुकसुद्धा दाखवत न्हाईत."

मी दादाकडे पाहिलं. तो बांधावर उभा राहून कुणाशी तरी टोळीचं बोलत होता. फोन खिशात ठेवल्यावर मी त्याला विचारलं,

"पोराशी बोललास का रे, पुढचं?"

"बोलायचंय की," दादा म्हणाला. "एवढा ऊस जाऊ दे, मग बघू."